उघाडीवरचा दोर

भुताखेताच्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून जाणारा माणूस. बोईसरला कंपनीत बॉयलरवर तेहतीस वर्षं काढली. रात्रपाळीची पोरं सांगायची, मागच्या शेडमध्ये एक बाई उभी असते... मी म्हणायचो, उभी असते तर इकडे पाठवा, कोळसा ओढायला माणूस कमी आहे. देव मानायचो, तो पण बायकोच्या धाकानं. तेव्हा खाली जे लिहिलंय ते वाचून कोणी हसलं तर मला राग नाही. माझा राग दुसरीकडे आहे आणि तोच सांगायला बसलोय.

मी चौथी शिकलेला. वहीत लिहिलं, वाणगावला दिलेल्या माझ्या मुलीनं मोबाईलवर उतरवलं. ती म्हणाली, बाबा, हे असं नका लिहू, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, जसं आहे तसं उतरव, नाहीतर वही परत दे.

हल्ली रविवारी मुंबईकडून सायकलवाले येतात. हेल्मेट, काळे चष्मे, अंगाला चिकटलेले कपडे. पालघर-बोईसरवरून येतात, कुंभवलीच्या मागून खाजणातला, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीतला, बांध धरतात, तिवरांमधून दांडीकडे निघतात आणि पुढे तारापूरचा किल्ला, गावातली जुनी घरं बघत जातात. त्यांनी ह्याचा 'रूट' करून इंटरनेटवर टाकलाय. त्यात बांधावरच्या उघाडीचा फोटो आहे, माझ्या खोपटाचा पण आहे. खाली लिहिलंय — ज्या माणसानं ह्या काकांच्या बायकोला मारलं, त्यालाच काकांनी बुडताना दोर टाकून वाचवलं. मागच्या महिन्यात एक मुलगी सायकल टेकवून माझ्या पाया पडली. डोळ्यात पाणी तिच्या. "काका, कसं माफ केलंत हो तुम्ही?"

मी माफ केलेलं नाही. दोर मी टाकला नाही. खरं तर एवढंच लिहायचंय. पण नुसतं तेवढं कोणाला पटायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी धुळ्याकडचा. बायको — कमळ — दांडीची, मासेमारी करणाऱ्या घरातली. बाहेरच्या पोराला पोरगी दिली म्हणून तिच्या बापाशी गावातले वर्षभर बोलत नव्हते. तिच्याकडे लेडीज सायकल होती, मागे कॅरिअरला पिवळं प्लॅस्टिकचं क्रेट. सकाळी सहाला बांधावरून दांडीला जायची, होडीवरून मासे घ्यायची, नऊच्या आत बांध ओलांडून परत. मग कुंभवलीत चाळीचाळीतून विकायची. पहाटे तिच्या चाकात हवा भरणं हे माझं काम. ती अंगठ्यानं चाक दाबून बघायची. "आजून दोन दम मारा. बॉयलरवाल्याचं हात हाय ना तुमचं?"

क्रेट ती दोरीनं बांधायची. होडीवाल्यांची एक गाठ असते. जेवढं ओढाल तेवढी आवळते, आणि एका टोकाला झटका दिला की लगेच सुटते. अडतीस वर्षं ती मला ती गाठ शिकवत होती. मला आली नाही. आज पण येत नाही. ती म्हणायची, "घाटी तो घाटीच. गाठ मारता का पोरीची येनी घालता?"

पाण्याचा हिशोब मात्र मी तिच्याकडून शिकलो. "अमाश्या-पुनवंला बाराला पानी भरतं," ती सांगायची. "पुढं जी तिथी आसंल तिची पाऊनपट करायची. बीज आसली तर दीड. चवथ आसली तर तीन. आनि आपल्या खाडीत आर्धा तास उशिरा धरायचा. हाय काय त्यात?" मी कॅलेंडर बघून बोटं मोजायचो, तोवर ती पदर खोचून निघालेली असायची.

रिटायर झाल्यावर गावानं मला उघाडीवर बसवलं. बांधाच्या पोटात लाकडी दार असतं, ती उघाडी. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून ते बंद करायचं, ओहोटी लागली की आतलं पाणी सोडायला उघडायचं. उघाडीच्या पलीकडे बांध थोडा खचलाय, साठ-सत्तर फूट. त्याला आम्ही खचका म्हणतो. एरवी कोरडा असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र पाणी त्याच्यावरून जातं, भरतीच्या आधी तासभर आणि नंतर तासभर. आणि ते नुसतं चढत नाही, ओढतं.

कमळ गेली ती भादव्यातली पौर्णिमा झाल्यावर दुसऱ्या दिवशी. मी डोळे तपासायला पालघरला गेलो होतो. दुपारी दोनला ती तिवरांत सापडली. सायकल सापडलीच नाही. पोलिसांनी कागदावर लिहिलं — भरतीच्या पाण्यात अडकून मृत्यू.

आता तुम्हीच हिशोब करा. त्या दिवशी प्रतिपदा. पाऊण आणि वर अर्धा तास, म्हणजे पाणी भरणार दुपारी सव्वाच्या सुमाराला. खचका बुडणार बाराच्या पुढे. आणि कमळ नऊच्या आत बांध ओलांडणारी. नऊला तिथे पायाचा अंगठा भिजेल एवढं पण पाणी नसतं. हे मी चौकीत सांगितलं. समोरचा म्हणाला, बाबा, वय झालं की माणूस चुकतो.

आणि लोक! चाळीत बायका बोलायच्या, मला ऐकू यायचं. दांडीची पोर, आणि पाणी चुकली. दांडीत पण बोलले. तिचा भाऊ हरेश्वर, माझा मेहुणा, दहाव्याला माझ्या शेजारी बसून रडला. "भावजी, माजी भन शाळेत समदी गनितं चुकली. पन पानी कंदी चुकली नाय." मला ती गेल्याचं दुःख होतं ते होतंच. पण तिच्या नावावर ती चूक लिहिली गेली, ते मला झोपू देत नव्हतं.

दहाव्याला अजून एक जण आला होता. संजय. पिकअप चालवायचा. तो पण माझ्यासारखा बाहेरून पोटासाठी आलेला, तिशीतला. कुठल्यातरी कारखान्यातून निळे ड्रम भरून रसायनाचं घाण पाणी आणायचा आणि बांधाच्या टोकाला खाडीत ओतायचा. कुठला कारखाना ते मला माहीत नाही. ओहोटीला ओतलं तर चिखलावर रंगाचे डाग दिसतात, म्हणून त्याला चढतं पाणी लागायचं. पण खचका बुडायच्या आत परत पण यायचं. त्याला तिथीचा हिशोब येत नव्हता, म्हणून येता-जाता मला विचारायचा. काका, आज किती वाजेपर्यंत? मी सांगायचो. माझं काय जात होतं... तेव्हा असंच वाटायचं.

दहाव्याला केळी घेऊन आला. माझ्या डोळ्यांकडे बघितलं नाही त्यानं.

चार महिन्यांनी तो उघाडीवर गाडी लावून तंबाखू मळत होता. मी गाडीच्या पुढे उकिडवा बसलो होतो. लोखंडी गार्डच्या मागे, नंबरप्लेटच्या वर, पिवळं काहीतरी अडकलेलं. नखानं ओढलं. क्रेटचा तुकडा, तळहाताएवढा. बंदरावर क्रेटं एकमेकांत मिसळतात, म्हणून प्रत्येक बाई तापलेल्या सळईनं आपली खूण पाडते. कमळची खूण तीन भोकं एका ओळीत. तुकड्यावर दोन भोकं पुरी होती आणि तिसरं अर्धं.

तुकडा मुठीत धरला आणि त्याला म्हटलं, "आज अकरापर्यंत उरकून घे." आवाज जराही हलला नाही माझा. बॉयलरवर शिकलेलं — आत कितीही प्रेशर असू दे, बाहेरून काटा दिसला नाही पाहिजे.

तुकडा मी चौकीत नेऊन दाखवला. असली क्रेटं ढिगानं आहेत म्हणाले. परत घेऊन आलो. मग ठरवलं. ज्या पाण्याचं नाव घेऊन माझ्या बायकोला खोटं पाडलं, त्याच पाण्यात ह्याला घालायचा. घाई केली नाही. आठ महिने त्याला बरोबर वेळा सांगितल्या. काका, तुम्ही आहात म्हणून आमचं चालतं — म्हणायचा. मी हसायचो.

सर्वपित्री अमावास्येचा दिवस धरला. वर्षातलं मोठं उधाण. आणि त्या दिवशी दुपारी बांधावर चिटपाखरू नसतं, सगळे घरी पानं वाढायच्या गडबडीत.

साडेदहाला तो आला. गाडीला ताजी लिंबू-मिरची बांधलेली. म्हणजे अमावास्या आहे हे गड्याला ठाऊक होतं. अमावास्येला पाणी काय करतं हे ठाऊक नव्हतं.

"काय काका, आज जेवायला घरी नाही? सर्वपित्री ना?"

"माझ्या घरी वाढायला कोण आहे?"

तो तंबाखू उगाच मळत बसला. मग म्हणाला, "पाणी कधी भरतंय?"

"दीडला."

"मोबाईल तर बाराचं दाखवतोय."

"मोबाईलनं खाडी बघितलीय का कधी?"

हसला. "सव्वाबारापर्यंत टेन्शन नाही ना?"

"निवांत काम कर," मी म्हटलं.

गाडी खचका ओलांडून पुढे गेली. मी खोपटात आलो. उघाडीचा जाड नायलॉनचा दोर खुंटीला असतो, कोणी पाण्यात पडलं तर असावा म्हणून गावानं दिलेला. तो काढला, पत्र्याच्या पेटीत घातला, कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली. माझ्या मनाला मधेच पाझर फुटू नये म्हणून केलं हे. आणि बाहेर येऊन बसलो.

सव्वाअकराला पाणी खचक्यावर आलं. साडेअकराला घोटाभर. पावणेबाराला त्याची गाडी परत येताना दिसली. काठावर थांबला. बघितलं. त्याला वाटलं गुडघाभर असेल, जाईल. घातली. बरोब्बर मधोमध गाडी बंद पडली. सेल्फ मारला, दोनदा, तीनदा. मग दारातून पाणी शिरलं तसा खिडकीतून टपावर चढला.

"काका! दोर! दोर टाका! मला पोहता येत नाही!"

चाळीस फुटांवर होता. मी जागचा हललो नाही.

"सायकल कुठाय?" मी ओरडलो.

"कसली सायकल?"

"कमळची."

त्याचं तोंड बघायला पाहिजे होतं. पिवळा तुकडा मी खिशातून काढून वर धरला. खोटं लिहीत नाही — मला बरं वाटत होतं. वर्षभरात पहिल्यांदा पोटभर श्वास आला. पाणी गाडीच्या खिडक्यांवर चढलं. गाडी ओढीनं तिरकी व्हायला लागली. तो आईची शपथ घेत होता, देवाची घेत होता. मी नाही काका, मी नाही काका. मी म्हटलं, तुझी वाट बघायला मला वेळ आहे. तुझ्याकडे नाही.

आणि तेव्हा आवाज आला.

सायकल हातात धरून चालवत नेली की मागच्या चाकाचा आवाज होतो ना — टिक टिक टिक टिक — तो. दांडीच्या बाजूनं. मधला बांध बुडालेला, नुसतं पाणी होतं, आणि आवाज त्या पाण्यावरून येत होता. बारा वाजलेले, ऊन डोक्यावर, सावली सुद्धा पडत नव्हती. मला काही दिसलं नाही. शपथेवर सांगतो, काही म्हणजे काही दिसलं नाही.

संजयला दिसलं. त्यानं मागे वळून बघितलं आणि त्याचा आवाजच बदलला. लहान पोरासारखा.

"काकी... काकी, मी मुद्दाम नाही केलं हो! वळणावर दिसलाच नाहीत... क्रेट गाडीत अडकलं... तुम्ही खाली गेलात..." टपावर तो मागे-मागे सरकत होता. "तुम्ही हात वर केला होता... मी बघितलं, काकी... मी घाबरलो... सायकल उघाडीच्या डोहात टाकली हो मी... मला सोडा..."

तिनं हात वर केला होता.

म्हणजे ती जिवंत होती. म्हणजे ह्यानं बघितलं आणि आधी सायकल लपवली.

मी उठलो. दोरासाठी नाही. उघाडीचं दार उचकटायची पहार असते, ती घ्यायला उठलो. वाहत काठाला लागलाच, तर दगडाला धरलेल्या बोटांवर घालणार होतो. हे मी लिहितोय, माझी मुलगी टाईप करतेय, आणि मला त्याची लाज नाही. पहार हातात घेतली. तापलेली होती उन्हानं. दोन पावलं पुढे गेलो.

टिकटिक माझ्या मागे आली. एकदम मागे, हातभर अंतरावर. आणि थांबली. चाक थांबताना शेवटची एक टिक जरा उशिरा पडते — ती पण पडली. ओल्या मासळीचा वास आला.

मी मागे वळून बघितलं नाही. घाबरून नाही. हातात पहार होती म्हणून. तिला तोंड कसं दाखवू?

त्यानंतरचं मला आठवत नाही असं म्हटलं तर तुमचं समाधान होईल. पण तसं नाही. मला मधलं काही नाहीच. मी पहार घेऊन उभा होतो, आणि मी उभाच होतो, पण संजय माझ्या पायाशी बांधावर पालथा पडून पाणी ओकत होता. त्याच्या काखेखालून दोर गेलेला. दोराचं दुसरं टोक उघाडीच्या लोखंडी कडीला. बाहेरची पहार आत खोपटात, कोपऱ्याला टेकवलेली. माझ्या दोन्ही तळहातांची सालटं निघालेली, रक्त येत होतं. पिकअप आडवी झाली होती, फक्त एक चाक वर.

खोपटात गेलो. पेटीला कुलूप तसंच. किल्ली करगोट्याला तशीच, गाठीसकट. कुलूप उघडलं. पेटी रिकामी.

दोनच्या सुमाराला हरेश्वर माझ्यासाठी सर्वपित्रीचं जेवण घेऊन आला. संजय दोरासकट तिथेच पडून होता, उठायचं त्राण नव्हतं त्याला. हरेश्वरनं डबा खाली ठेवला आणि कडीजवळ वाकून बघत राहिला.

"भावजी, ही गाठ तुमी मारली?"

त्यानं संजयच्या छातीवरच्या गाठीचं टोक धरलं, एक झटका दिला. सुटली. हरेश्वरनं हात कपाळाला लावला.

संजयनं चौकीत सगळं आपणहून सांगितलं. न विचारता, पहिल्यापासून. ओहोटीला डोहात गळ टाकून सायकल काढली. गंजून चाळणी झालेली, क्रेट अजून कॅरिअरला बांधलेलं. मी तुकडा लावून दाखवला. तीन भोकं पुरी झाली. कागदावरचे 'भरतीच्या पाण्यात अडकून' हे शब्द गेले. हरेश्वर दांडीत घरोघर जाऊन सांगून आला, माजी भन पानी चुकली नव्हती. तेवढं झालं. त्यापुरतं मला बरं वाटतं.

पण मी पहार घेऊन उठलो होतो, खोटी वेळ दिली होती, हे संजयनं सांगितलं नाही. तो म्हणाला, काकांनी वाचवलं. हे मला आधी कळलंच नाही. तो जामिनावर सुटल्यावर उघाडीवर आला, लांब उभा राहिला. मी विचारलं, "दोर कोणी टाकला?"

"तुम्हीच की, काका."

"मी?"

"तुम्हीच. दोन्ही हातांनी ओढत होता. आणि शिव्या घालत होता. तुमच्या शिव्या नव्हत्या त्या, काका. दांडीच्या बायका बंदरावर देतात ना... तशा. आवाज तुमचाच होता."

मग मी त्याला माझ्या स्वतःच्या शिव्या दिल्या आणि हाकलून लावला.

मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही दोर पेटीत घातलाच नसेल, घालायचं मनात आलं असेल. डॉक्टर म्हणाले, धक्क्यानं असं होतं, माणूस करतो आणि विसरतो. असेल. मग गाठ कोणी मारली? कडीवरची अजून तशीच आहे, मी सोडू दिली नाही. तिच्यासमोर बसून वीस वेळा दुसऱ्या दोरीवर तशी मारून बघितली. येत नाही. ह्यावर कोणाकडे उत्तर असेल तर सांगा.

मला एवढंच वाटतं, की तिनं मला न विचारता माझे हात घेतले. संसारात पण तिचं असंच होतं. मी नको म्हणायच्या आत माझ्या हातात पंप असायचा. मला मारेकरी होऊ द्यायचं नव्हतं, की त्या पोराची दया आली, की नुसतं सगळं कबूल करून घ्यायचं होतं — तिलाच माहीत. मी मात्र तिच्यावर रागावलोय. हात वर केला होता तिनं. हे ती विसरली असेल, मी नाही.

गावानं शाल-नारळ द्यायचं ठरवलं होतं, मी गेलो नाही. सायकलवाल्यांना माझं सांगणं आहे, त्या रूटखालचं ते वाक्य काढून टाका. अमावास्या-पौर्णिमेला येणार असाल तर आधी तिथीची पाऊणपट करा, मोबाईलवर जाऊ नका. आणि कडीच्या गाठीला हात लावू नका.

तिची सायकल खोपटाच्या भिंतीला टेकवून ठेवलीय. ट्यूब कुजलीय, तरी पहाटे दोन दम मारतो. मारताना रोज तिला एकच सांगतो — तो परत बुडत असला, तर मी परत नाही टाकणार दोर. माझे हात मागू नकोस.

ऐकेल असं वाटत नाही. ऐकायची सवय तिला कधीच नव्हती.